पार्लरताईंची निळी वेल

त्यांना सगळे ताई म्हणत. वयाने मोठ्या असलेल्या बायकासुद्धा खुर्चीत बसून मान मागे टाकली की ‘ताई, जरा बारीक ठेवा हं’ असंच म्हणायच्या, आणि ताईंना त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट जी चुकून ‘मावशी’ म्हणेल तिच्या भुवया जरा जास्त दुखतात, अशी गल्लीत वदंता होती.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, केस धुवायचं बेसिन, गरज नसताना उत्तम चालणारं वाफेचं एक यंत्र, आणि जिथे म्हणून सपाट जागा सापडेल तिथे कुंड्या. मागच्या अंगणात तर पाय ठेवायची सोय नव्हती. ताईंचे यजमान पाण्याचे मीटर तपासायच्या नोकरीत होते, म्हणून त्यांना सगळे मीटरवाले म्हणत. रोज सकाळी अंगणातून नळापर्यंत जाताना ते अंग चोरून, पाय उंच उचलत, पाणथळीतल्या बगळ्यासारखे चालायचे. त्यांची तक्रार नव्हती. तक्रार करायची सवय लग्नानंतर पहिल्या वर्षीच सुटली होती.

झाड निवडायची ताईंची स्वतःची पद्धत होती. नर्सरीत गेल्या की त्या झाडासमोर उभ्या राहायच्या, मान तिरकी करायच्या आणि नव्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघावा तशा त्याच्याकडे बघायच्या. रंग खुलतो का, बांधा कसा आहे, समोरून चांगलं दिसतं की बाजूने. याला ऊन किती लागतं, हे वाढतं किती, असले प्रश्न त्यांच्या लेखी गौण होते. नर्सरीवाला सांगायला लागला तर त्या हात हलवून त्याला गप्प करायच्या. रूप बघून आणावं, स्वभाव आपण घडवावा, असं त्यांचं म्हणणं. परिणामी सावलीत सुखाने राहणारी ठिपक्याठिपक्यांची पानं त्यांच्याकडे उन्हात करपून निघायची, आणि उन्हासाठी जन्मलेली झाडं टॉवेलच्या कपाटावर बसून खिडकीच्या दिशेने माना लांबवायची. एखादं झाड गेलंच तर ताई म्हणायच्या, त्याला माझ्याकडे राहायचंच नव्हतं.

किडीच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जास्वंदीच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखा पिठ्या ढेकूण दिसला की त्यांच्या अंगात संचारायचं. भुवयांचे जुने ब्रश त्यांनी याच कामासाठी जपून ठेवले होते. ब्रश स्पिरिटमध्ये बुडवायचा, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि एकेका पानाची मागची बाजू अशी साफ करायची की झाडालाही बरं वाटावं. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवरचा मावा त्या साबणाच्या पाण्याने धुऊन काढायच्या. नको असलेली एक गोष्टही नजरेतून निसटता कामा नये, हा त्यांच्या धंद्याचाच नियम होता.

गोगलगायींचं खातं मीटरवाल्यांकडे होतं. मिठाच्या पाण्यात टाका, असा ताईंचा हुकूम होता. मीटरवाले ‘बरं’ म्हणायचे, गोगलगायी डब्यात गोळा करायचे आणि सायकलवरून ओढ्याकाठी नेऊन हलकेच गवतात सोडून यायचे. ताईंना हे ठाऊक नव्हतं. गोगलगायी कमी का होत नाहीत याचं त्यांना फक्त नवल वाटायचं.

ताईंचं बागप्रेम त्यांच्या एकटीपुरतं राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण चांगली गोष्ट चारजणींना दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि देण्याची वेळही त्या नेमकी साधायच्या. गिऱ्हाइकाच्या तोंडावर लेप लावायचा, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवायच्या, ‘आता हसायचं नाही, बोलायचं नाही, सुरकुत्या पडतात’ असं बजावायचं, आणि मग झाडांचा विषय काढायचा. तुमच्या गॅलरीला काय शोभेल, तुमच्या फाटकावर काय चढवायला हवं, हे सगळं त्या ठरवून टाकायच्या. समोरची बाई फार तर ‘हं’ करू शकायची, आणि ताई त्याला होकार समजायच्या. लेप धुऊन, पैसे देऊन बाई बाहेर पडायची तेव्हा तिच्या हातात ओल्या कागदात गुंडाळलेली एखादी फांदी असायचीच.

निळी वेल आली ती अशा घरात.

ती नर्सरीच्या कुंपणावर होती, विकायला ठेवलेलीसुद्धा नव्हती. पानं तळहाताएवढी, बदामाच्या आकाराची. फुलं निळी, भोंग्यासारखी, सकाळी गर्द आणि दुपारपर्यंत गुलाबी होऊन मिटणारी. ताई तिच्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ मान तिरकी करून उभ्या राहिल्या. नर्सरीवाल्याने एवढंच सांगितलं की ही गारवेलीतली आहे, फार जोरात वाढते, नंतर माझ्याकडे येऊ नका. ताईंनी ते कौतुकच समजलं.

त्यांच्या हाती असं झाड पहिल्यांदाच पडलं होतं. उन्हात ठेवा, सावलीत ठेवा, पाणी घाला, विसरा, ती वाढतच होती. जिथे देठ जमिनीला टेकेल तिथे मूळ धरत होती. पहिल्या पावसाळ्यात तिने नळाचा खांब गुंडाळला, नंतर कपडे वाळत घालायची दोरी, आणि एकदा मीटरवाल्यांनी रात्री बाहेर ठेवलेली सायकल. सकाळी हँडलवरचे दोन कोवळे शेंडे मीटरवाले अशा हळुवारपणे सोडवत होते की ताईंना हसू आलं. मुख्य म्हणजे तिला कीड नव्हती. मावा नाही, पिठ्या नाही, गोगलगायीसुद्धा तिच्याकडे पाठ फिरवायच्या. असं निरोगी झाड मी आयुष्यात पाहिलं नाही, असं ताई प्रत्येकीला सांगायच्या. वर्ष-दीड वर्षात अख्ख्या वस्तीत फाटकांवर, गॅलऱ्यांवर, शाळेच्या कुंपणावर निळी फुलं दिसायला लागली, आणि लोक त्याला ‘ताईंची वेल’ म्हणायला लागले. ताईंची मान त्या काळात दोन बोटं उंच झाली होती.

पण या वेलीचं खरं काम झालं ते शेजारच्या भिंतीवर.

भिंतीपलीकडे ताईंच्या मोठ्या जाऊबाई राहायच्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. भाऊजी, म्हणजे ताईंचे थोरले दीर, गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. लेक लग्न होऊन लांब गेलेली. बोलणं मोजकं, उच्चार स्वच्छ, कान तिखट. या दोघी जावा एके काळी एकमेकींच्या घरात न विचारता शिरणाऱ्या. पण लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊबाई केस रंगवायला ताईंच्या खुर्चीत बसल्या. रंग लागल्यावर जितका वेळ थांबायचं तितक्या त्या थांबल्या नाहीत, फोन वाजला म्हणून उठल्या, असं ताईंचं म्हणणं. रंगच भलता आणला होता, असं जाऊबाईंचं. खरं काय ते रंगालाच ठाऊक. लग्नाच्या एकूण एक फोटोत वधूच्या आईचे केस तांब्याच्या नव्या हंड्यासारखे लखलखत होते, आणि तेव्हापासून दोघींमध्ये बोलणं बंद होतं. मीटरवाले वहिनीचे निरोप बायकोला आणि बायकोचे वहिनीला पोचवायचे, आणि पोचवताना त्यातले काटे काढून टाकायचे.

वेल एका उन्हाळ्यात भिंतीवर चढली आणि न विचारता पलीकडे उतरली. ताईंना ते दिसलं तेव्हा धस्स झालं. आता कात्री चालणार आणि निरोप येणार. निरोप आला नाही. एका सकाळी त्या जास्वंदीची पानं पुसत होत्या, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला की फुलं छान आहेत हो. ताईंच्या हातातला ब्रश स्पिरिटच्या वाटीत पडला. त्या म्हणाल्या की होय, सकाळची निळी असतात. जाऊबाई म्हणाल्या की बघितलं मी, दुपारी गुलाबी होतात. त्यावर दोघींनाही पुढे काय बोलावं सुचेना. पण दुसऱ्या दिवशी चहाचा कप भिंतीवरून इकडे आला, आठवड्याभरात जाऊबाई स्वतः आल्या. केसांचा विषय कुणी काढला नाही. वेल पाठवून धाकटीने हात पुढे केला, असं जाऊबाईंनी धरून चाललेलं दिसत होतं, आणि ताईंनी ते खोडून काढलं नाही. आयतं मिळालेलं मोठेपण परत करायला त्यांना काही सवड झाली नाही.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी पार्लरमध्ये एक नवी बाई आली. तिशीतली, उन्हाने रापलेली, नखांत माती. ताईंना तिची दया आली. त्यांनी तिला भुवयांवर न सोडता तोंडाला लेप लावून बसवलं, डोळ्यांवर चकत्या ठेवल्या आणि सवयीप्रमाणे वेलीवर आल्या. नावं ठेवायला जागा नाही, पाणी लागत नाही, कीड म्हणून लागत नाही, तुमचं घर कुठे, अंगण आहे का, बरं नसू दे, कुंडीतसुद्धा होते. बाईने एकदा हात वर केला. ताईंनी तो हळूच खाली ठेवला आणि लेप वाळू द्या म्हणाल्या.

लेप धुतल्यावर बाई उठून मागच्या दारापर्यंत गेली आणि अंगणाकडे बघत उभी राहिली.

‘ही वेल तुमची?’

‘माझीच. थांबा, फांदी देते बांधून. फार चिवट आहे, कुठेही लागते.’

‘ते मला माहीत आहे, ताई. मी उद्यान विभागात आहे. इथे बदलून आल्यापासून ओढ्याकाठी मी हीच उपटतेय.’

ताईंना आधी वाटलं, बाई थट्टा करतेय. त्या म्हणाल्या, ‘अहो, एवढी सुंदर आहे.’

‘सुंदर आहेच. म्हणून तर सगळीकडे पोचली.’

मग बागवाल्या मॅडमनी, कारण त्याच क्षणापासून ताईंनी मनातल्या मनात तिचं नाव असं ठेवलं, शांतपणे समजावून सांगितलं. ही वेल इथली नाही. ती जिथून आली तिथे तिला खाणारे किडे आहेत, तिला आवरणारं कुणी आहे. इथले किडे तिला ओळखतच नाहीत. कीड लागत नाही याचं तुम्हाला कौतुक वाटतं, पण अडचण तीच आहे. आणि कापून फेकलेली ओली फांदीही पुन्हा रुजते, ती उन्हात वाळवायलाच हवी. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, पैसे घेतले, आणि सुट्टे परत देताना फांदीबद्दल पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या की आजकालच्या मुलींना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. झाडाने काय कुणाचं घोडं मारलंय? वाढणं हा काय गुन्हा आहे? तिला काही येत नाही म्हणून उपटत बसते. पण लेपाखालची गिऱ्हाइकं नेहमीसारखं ‘हं’सुद्धा करत नव्हती. एकीने लेप पडेल याची पर्वा न करता सांगितलं की आमच्या घराच्या मागची मोरी वेलीने तुंबली होती, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. दुसरीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी झाकली गेली होती. तिसरी म्हणाली, आम्ही दर महिन्याला कापतो, पोतं भरतो आणि ओढ्याकाठी टाकून येतो.

रात्री जेवताना ताईंनी मीटरवाल्यांना विचारलं, ‘आपल्या वेलीच्या फांद्या कापल्यावर तुम्ही कुठे टाकता हो?’

मीटरवाल्यांनी घास नीट चावून गिळला. ‘ओढ्याकाठी.’

‘का पण?’

‘तिथे जागा होती.’

आणि बोलायला सुरुवात झालीच आहे तर, म्हणून त्यांनी गोगलगायींचंही सांगून टाकलं. त्यावर ताईंनी जेवण अर्धं टाकून ताट उचललं. मीटरवाल्यांच्या मते ओरडा खाल्लेला परवडला असता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पार्लर उशिरा उघडलं. सकाळीच त्या नवऱ्याला घेऊन ओढ्याकाठी गेल्या. जाताना डोक्यावरून ओढणी अशी घेतली होती की ओळखीच्या बाईने ओळखू नये, पण ओळखीच्या प्रत्येक बाईने ओळखलं.

लांबून बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटावं. अख्खा काठ निळा. ताईंना आधी अभिमानच वाटला, खोटं कशाला बोला. मग त्या उतरून जवळ गेल्या आणि एका ठिकाणी पानं बाजूला सारली. खाली अंधार होता. गवत नाही, झुडूप नाही, नुसत्या दोरखंडासारख्या वेली एकमेकींना पिळा घालून पडलेल्या आणि खाली ओली, वासाची, मोकळी माती. या काठावर पूर्वी करवंदीच्या जाळ्या होत्या, त्यात बारीक पाखरं सारखी किलबिलत असायची. आता मोटारीचा लांबचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. मीटरवाले म्हणाले की इथे उजव्या हाताला झाडं होती ना, फिरायला येणाऱ्या मंडळींनी लावलेली. तिथे हिरवे-निळे उंचवटे होते. चादर पांघरून कुणी झोपलेलं असावं, तसे.

एका उंचवट्याशी ताईंच्या पायाला दगड लागला. त्यांनी वाकून बघितलं. चुन्याने रंगवलेला, गोल मांडलेल्या दगडांपैकी एक. त्यांनी ओढणी कमरेला खोचली आणि दोन्ही हातांनी वेली ओढायला लागल्या. मीटरवालेही लागले. आत कांचनाचं झाड होतं. वाकून अर्धं झालेलं, पानं पिवळी, एका बाजूच्या फांद्या सुकून काटक्या झालेल्या.

ते जाऊबाईंनी लावलेलं होतं, भाऊजी गेले त्या वर्षी. दगडही त्यांनीच स्वतः रंगवून मांडले होते. पहिली काही वर्षं त्या रोज येऊन पाणी घालायच्या. मग झाडाने जीव धरला, आणि इकडे त्यांच्या गुडघ्यांनी सोडला. आता त्या ओढ्याचा उतार उतरू शकत नव्हत्या. मीटरवाले येता-जाता झाडाकडे बघतात या भरवशावर त्या होत्या. आणि मीटरवाल्यांनी शेवटचं कधी बघितलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

ताईंनी नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. त्या तिथेच मातीत बसल्या. ‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘वहिनींना मीच सांगते. तुम्ही आज निरोप्या व्हायचं नाही.’

जाऊबाई ओट्याशी भांडी पुसत होत्या. ताईंचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, केसांत पानं. एरवी आरशासमोरून हलण्याआधी चार वेळा केस सारखे करणारी ही बाई अशी समोर उभी राहिली, तेव्हाच जाऊबाईंनी फडकं खाली ठेवलं. ताईंनी सगळं एका दमात सांगितलं. मॅडमचं, ओढ्याचं, मग कांचनाचं. झाड जगेल असं वाटतंय, हे त्यांनी दोनदा सांगितलं. जाऊबाईंनी फक्त विचारलं की कुठल्या बाजूच्या फांद्या गेल्या. ताईंनी सांगितलं, ओढ्याकडच्या. जाऊबाईंनी मान हलवली.

‘आणि भिंतीवरची वेलही काढायला लागेल,’ ताई म्हणाल्या. ‘तुमच्या बाजूचीसुद्धा.’

यावर जाऊबाई पहिल्यांदा बिथरल्या. ती नाही काढायची, त्या म्हणाल्या, हवं तर मी रोज कापेन. ताईंना आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

‘वहिनी, ती मी पाठवली नव्हती. ती आपली आपण चढली. मला वाटलं होतं तुम्ही कापून टाकाल.’

‘माहीत आहे मला.’

‘माहीत आहे?’

‘वेल काय कुणाला विचारून भिंत चढते? मला काही तरी निमित्त हवं होतं बोलायला. तुला तर काही सुचत नव्हतं.’

ताई दारातच टेकल्या. इतके दिवस मिरवलेलं मोठेपण असं चटकन हातातून गेलं. पण ते जाताना मन कसं हलकं झालं, हे मात्र त्यांना जाणवलं. जाऊबाईंनी त्यांच्या केसांतलं एक पान काढलं, ते नीट न्याहाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता उन्हात वाळायला फेकलं. एवढा वेळ ऐकलेलं सगळं त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं.

मग सुरू झाली ती वेल काढायची मोहीम, आणि ती लावायच्या मोहिमेपेक्षा कितीतरी अवघड निघाली. बागवाल्या मॅडमना ताईंनी स्वतः जाऊन विचारलं, आणि विचारताना त्यांच्या भुवयांचा आकार पुन्हा बिघडलाय हेही सांगितलं. मॅडमनी दाखवलं की नुसतं वरून ओढायचं नाही. देठ जिथे-जिथे जमिनीला टेकलाय तिथलं एकेक मूळ खणून काढायचं, आणि काढलेलं कुठे टाकायचं नाही, फरशीवर प्लास्टिकच्या कागदावर कडकडीत वाळवायचं. एक बोटभर तुकडा ओल्या मातीत राहिला तरी नव्याने सुरुवात. ताईंना हे लगेच समजलं. मुळासकट नाही निघालं तर उपयोग नाही, हे त्या रोज दोन-चार बायकांना किंचाळायला लावून शिकवतच होत्या.

पण बायका ऐकेनात. ज्यांनी तोंड बंद असताना फांदी घेतली होती, त्या आता तोंड मोकळं असताना वाद घालायला लागल्या. आमचं फाटक बोडकं दिसेल. आमच्या सासूबाईंना ती फार आवडते. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तर सुनावलं की ताई, तुम्हीच म्हणाला होतात, नावं ठेवायला जागा नाही. ताईंनी तेही गिळलं. त्या दारोदार खुरपं घेऊन जायच्या, आणि सोबत जाऊबाई. जाऊबाईंना खाली बसता येत नसे, म्हणून त्या घडीची खुर्ची घेऊन यायच्या आणि फाटकाशी बसून राहायच्या. घरातली बाई नाही म्हणाली की त्या काहीच वाद घालायच्या नाहीत. नुसतं एक्स्चेंजच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणायच्या, ‘बरं, आम्ही थांबतो.’ आणि थांबायच्या. चहा विचारला तर नको म्हणायच्या. फार वेळ कुणाला तो आवाज आणि ती खुर्ची सोसायची नाही.

ओढ्याकाठी दर सुट्टीला माणसं जमायला लागली. सगळी वेल निघाली असं नाही. मॅडमचं म्हणणं होतं की पुढची कित्येक वर्षं नजर ठेवावी लागेल. पण कांचनाभोवतीचा भाग मोकळा झाला. सुकलेल्या फांद्या कापल्या, वाकलेल्या खोडाला मीटरवाल्यांनी जुन्या पाइपाचा आधार दिला, आणि तो इतका निगुतीने बांधला की त्यांचं प्रायश्चित्त त्यात दिसत होतं. एका सकाळी चौघांनी मिळून जाऊबाईंना उतारावरून खाली आणलं. त्या झाडासमोर उभ्या राहिल्या. झाड आता एकाच बाजूला वाढत होतं, ओढ्याकडे पाठ करून. जाऊबाई म्हणाल्या की हेही तसेच बसायचे, खिडकीकडे पाठ करून, पेपर वाचायला उजेड मिळावा म्हणून. मग ताईंनी हातानेच त्यांच्या खांद्यावरची माती झटकली, तिथे माती नव्हती तरी.

भिंत मात्र उघडी पडली होती आणि दोघींना ती बघवत नव्हती. तेव्हा त्या नर्सरीत गेल्या, या खेपेला बरोबर. ताई एका लाल-पिवळ्या झुडपासमोर मान तिरकी करून उभ्या राहिल्या. तेवढ्यात जाऊबाईंनी नर्सरीवाल्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे कुठलं? वाढतं किती? देठ टेकला तर मूळ धरतं का? याला कोण खातं? नर्सरीवाल्याला अशी सवय नव्हती. शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला की बाई, झाडाला कोण खात नाही ते विचारा, कोण खातं ते कशाला? जाऊबाई म्हणाल्या की तेच तर मला हवंय. शेवटी दोघींनी पांढरा चित्रक आणला. इथल्याच मातीतला, साधा, फुलं बारीक आणि पांढरी. रूप फार नव्हतं, हे ताई येता-येता चार वेळा म्हणाल्या.

चित्रक रुजला, त्याला कळ्या आल्या, आणि एका सकाळी त्या कळ्यांना भोकं दिसली. ताईंनी चष्मा नाकावर आणला. कळीच्या पोटात एक हिरवी, तांदळाच्या दाण्याएवढी अळी होती, मजेत खात होती. हात आपोआप ब्रशाकडे गेला. मग त्या थांबल्या आणि मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या की असू द्या, फुलपाखराची आहे. ताईंनी फोन ठेवला आणि ब्रश वाटीत उभा केला. पण आयुष्यात एकही नको असलेला केस न सोडलेल्या बाईला ते किती जड गेलं, हे तिचं तिलाच ठाऊक. दिवसातून दहा वेळा त्या मागे जाऊन बघायच्या. भिंतीपलीकडून जाऊबाई रोज विचारायच्या की अजून खातेय का, आणि ताई कडवटपणे सांगायच्या की आता तिघी आहेत.

अळ्या एके दिवशी दिसेनाशा झाल्या. मग बरेच दिवस काहीच नाही. आणि मग एका उन्हाच्या सकाळी भिंतीच्या कडेवर एक फुलपाखरू बसलेलं दोघींनी एकदमच बघितलं, एकीने इकडून, एकीने तिकडून. नखाएवढं. पंख मिटलेले, त्यावर पांढऱ्या-तपकिरी रेघा. उघडले तेव्हा जरासं निळं दिसलं, आणि परत मिटले.

‘एवढ्यासाठी सगळ्या कळ्या घालवल्यास?’ जाऊबाईंनी विचारलं.

‘कळ्या काय, परत येतील,’ ताई म्हणाल्या. ‘हळू बोला, उडेल ते.’